चौदा नंबरचा भाडेकरू

आमचे घरमालक स्वर्गात जाणार याविषयी गावात दुमत नाही. पण ते आत शिरणार नाहीत, याविषयीही नाही. ते दाराशी उभे राहतील, येईल त्याला "मागं कोणी राहिलं का?" असं विचारतील, आत जाऊन बसलेल्यांना बाहेर बोलावून पुन्हा मोजतील आणि देवदूतांच्या तोंडाला फेस आणतील. "बाबा, आता तुम्ही तरी आत या, दार लावायचंय," असं कोणी म्हणालंच, तर हे उलट विचारतील, "लावाची घाई कायले? शेवटचा आला का?" हे मी इतक्या खात्रीनं सांगतो, कारण मी त्यांच्या घरी तीन वर्षं भाड्यानं राहिलो. त्या तीन वर्षांत त्यांनी मला कुठं कुठं आणि कोणत्या अवस्थेत मोजलं, ते सगळं सांगायचं तर माझी अब्रू जाईल. तरी त्यातलं थोडं सांगतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पहिली नेमणूक मिळाली ती नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका गावात. भाड्याची खोली गावात एकच, ती यांच्याकडे. हे रेल्वेतून रिटायर झालेले गेटमन. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या लाइनवर गावाबाहेर एक फाटक होतं, त्यावर यांची उभी हयात गेली. आपल्याला वाटतं, गेटमनचं काम म्हणजे फाटक लावायचं आणि उघडायचं. तसं नाही म्हणे. गाडी समोरून जाताना झेंडी घेऊन उभं राहायचं आणि शेवटच्या डब्याच्या पाठीवरची पाटी डोळ्यांनी पाहायची. पाटी दिसली तर गाडी पुरी गेली. नाही दिसली तर समजायचं की गाडी मधूनच तुटली, काही डबे मागं जंगलात कुठंतरी उभे आहेत आणि इंजिनाला त्याचा पत्ताच नाही. "डायवरले काय मालूम, मास्तर?" घरमालक सांगत. "तो समोर पाहून राहिला. मागं कोण सुटला, थे पाहाले गेटवर एक माणूस पायजे." हे त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं आणि नंतर दर आठवड्याला सांगितलं. ते रिटायर झाल्यावर फाटक बंद झालं, तिथं खालून बोगदा केला, त्यात पावसाळ्यात बेडकं पोहतात. मग घरमालकांनी फाटकाचा सगळा कारभार घरी आणला.

म्हणजे कसं, तर मी सकाळी शाळेला निघालो की अंगणाच्या दाराशी हे हिरवी झेंडी घेऊन उभे. डबा विसरलो तर लाल. एकदा लाल झेंडी पाहून मी डबा चाचपला, चष्मा चाचपला, खिसा चाचपला, सगळं जागेवर. तर म्हणाले, "सदऱ्याची गुंडी." घरात न्हाणीघर एकच, अंगणाच्या कोपऱ्यात, कडी मोडलेली. पण कडीची गरज होती कुणाला? रेल्वेत स्टेशनमास्तर आणि गेटमन फोनवरून एकमेकांना एक नंबर देतात, तो दिल्याघेतल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही. तीच पद्धत यांनी न्हाणीला लावली. आत जाण्याआधी मोठ्यानं नंबर मागायचा, यांनी तो ओसरीवरून द्यायचा, आपण परत म्हणून दाखवायचा, मग जायचं. पहिल्या दिवशी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी अंगावर पाणी घेतोय तोच बाहेरून आवाज आला, "आत कोण हाये? कोणत्या नंबरवर गेला?" मी म्हटलं, "मी मास्तर!" "मास्तर तं झालं गा, नंबर कोणता?" नंबर नाही म्हटल्यावर त्यांनी दाराबाहेर लाल झेंडी रोवली, माझे कपडे दोरीवरून काढून स्वतःजवळ ठेवले आणि चौकशी सुरू केली. शेवटी घरमालकीणबाई, ज्यांना सगळं गाव आई म्हणतं, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "छत्तीस नंबर! मी देल्ला त्याले! येऊ द्या बिचाऱ्याले बाहीर, थंडीनं मरन थो!" आई साफ खोटं बोलल्या होत्या, पण त्यामुळं मला कपडे मिळाले.

गावात कुणाकडे लग्न असो की तेरवी, शेवटच्या पंगतीतला शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत हे मांडवाच्या दाराशी. आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या यात्रेला गावातून जीप निघाली की हेही निघत. ना यांना महादेवाचं दर्शन घ्यायचं, ना दर्ग्यावर चादर चढवायची. गेलेली माणसं परत येतात की नाही हे पाहायला. एकदा जाताना जीपमध्ये अकरा माणसं होती. येताना यांनी खिडकीतून डोकी मोजली, दहा. जीप हलू देईनात. गर्दीत शोधाशोध झाली, ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला, तासाभरानं पुन्हा मोजली तर अकरा. निघा म्हणाले. गावात आल्यावर कळलं की अकरावा माणूस म्हणजे छत्तीसगढचा कोणी म्हातारा, उन्हानं दमून जीपमध्ये येऊन झोपलेला. आमच्या गावचा सुतार प्रतापगडच्या पायथ्याशी बोंबलत बसला होता. "मोजनी तं बरोबर होती," एवढंच घरमालक म्हणाले. त्या म्हाताऱ्याला मात्र यांनी दोन दिवस घरी जेवू घातलं आणि स्वतः सौंदडच्या स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं.

घरमालक ख्रिस्ती, आजोबांपासूनचे. गावात त्यांची मंडळी लहान, सगळी मिळून बावीस डोकी, आणि प्रार्थनेला एक टिनाचं शेड. त्या शेडला चर्च म्हटलं की यांचं डोकं फिरे. मी एकदा सहज विचारलं, "रविवारी चर्चमध्ये किती वाजता जाता?" तर म्हणाले, "चर्चमंदी जाता येत नाही, मास्तर. आमी जमलो का चर्च होते, आमी उठलो का शेड होते." एका पावसाळ्यात वादळानं त्या शेडचं टिन उडवलं आणि शेजारच्या धानाच्या बांधीत नेऊन टाकलं. बाकीचे हळहळत होते. हे बांधीच्या काठावर उभे राहून म्हणाले, "माणसं सारी हायेत ना? मंग काई नाही उडालं." आणि सगळ्यांना चिखलात उभं करून तिथंच प्रार्थना घ्यायला लावली.

या मंडळीला पास्टर गोंदियाहून येतो, मोटारसायकलवर. तरुण, भला, आणि एका रविवारी तीन गावं करायची असल्यानं कायम घड्याळाकडे पाहणारा. प्रवचन संपलं की घरमालक त्याला गाठत. शास्त्रात मेंढपाळाची गोष्ट आहे. शंभरातलं एक मेंढरू चुकतं, तर तो नव्व्याण्णव मागं सोडून त्या एकाला शोधायला जातो. ही गोष्ट ऐकून लोकांचे डोळे भरतात. आमचे घरमालक चिडत. "नव्व्याण्णव कोणाच्या भरोशावर सोडले? त्यातलं दुसरं हरपलं असतं मंग? मी असतो तं सारेच्या सारे संगं नेले असते. होऊ द्या ना सगळ्याइचे पाय दुखत." पास्टर बिचारा हसून म्हणे, "बाबा, तो दृष्टांत आहे." "असन. पन आमच्या डिपार्टमेंटमंदी चालला नसता." नोहा मात्र त्यांचा लाडका. दोन-दोन मोजून आत घेतले, मगच दार लागलं. "पयला गेटमन," ते अभिमानानं सांगत.

आता मूळ गोष्टीवर येतो. जानेवारीतला पहिला रविवार म्हणजे त्यांच्याकडे कराराचा रविवार. हे काय प्रकरण आहे ते पास्टरनं मला एकदा समजावलं होतं. करार म्हणजे देवानं माणसांशी बांधलेलं नातं. सौदा नव्हे. सौद्यात एकानं मोडलं की दुसरा मोकळा होतो. इथं माणूस वर्षभर मोडत राहतो आणि देव काही मोकळा व्हायला तयार नाही. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून तो पुन्हा म्हणायचा. या मंडळीचा करार जुन्या कुणीतरी हातानं लिहून ठेवलेला, चार ओळींचा. "देवा, तू आम्हांला धरलंस, तसं आम्ही एकमेकांना धरू. कोणी थकला तर थांबू. कोणी दुखावला तर वाकू. कोणी सुटला तर शोधू." झालं. एवढंच. घरमालकांचं म्हणणं, सगळे हजर नसतील तर हे म्हणणं खोटं, आणि देवाच्या तोंडावर खोटं बोलायची त्यांची तयारी नव्हती. मग तोडगा काय? जो आला नाही, त्याच्याकडे सगळ्या मंडळीनं जायचं. तो असेल तिथं करार वाचायचा.

आणि जात! मी यायच्या आधी एका वर्षी मंडळीतला ढीवर नवेगावच्या तळ्यावर मासे धरायला गेला होता. सगळी मंडळी डोंग्यांत बसून तळ्याच्या मधोमध. तो हातानं खुणा करतोय, "आस्ते, आस्ते, मासे पळतीन!" आणि हे म्हणताहेत, "जोऱ्यानं म्हण, काठावर आयकू गेलं पायजे." त्या दिवशी त्याच्या जाळ्यात पास्टरची चप्पल आली. दुसऱ्या वर्षी एक म्हातारी कंबर मोडून गोंदियाच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर. एका वेळी दोघांनाच आत सोडत होते. मग बाकीचे सगळे खिडकीखाली रस्त्यावर उभे, वर म्हातारी खाटेवरून हात हलवतेय, आणि घरमालकांनी खालून हिरवी झेंडी दाखवल्यावर वर-खाली दोन्हीकडे एकदम करार सुरू. म्हातारीच्या बाजूच्या खाटेवरच्या शेठनंही "आमेन" म्हटलं म्हणे. आपण नाही म्हटलं तर बरं दिसणार नाही, असं त्याला वाटलं असावं.

माझी त्यात भर कशी पडली? माझ्याच आवाजामुळं. पहिल्या वर्षी कराराच्या रविवारी जेवणाचा भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, उचलायला एक माणूस कमी पडत होता, आईंनी मला हाक मारली. मी पोवार घरचा, आमच्याकडे देवघर, सत्यनारायण, सगळं. पण भाताच्या गंजाला कुठं आलाय धर्म? तो नेऊन ठेवला आणि मी मागं टेकलो, तोच सगळे उभे राहिले. मीही राहिलो. कुणीतरी हातात कागद दिला. आता मास्तरच्या हातात कागद आला आणि समोर माणसं पुटपुटायला लागली की काय होतं, ते मास्तरलाच ठाऊक. मी खणखणीत आवाजात, स्वल्पविरामासकट, चारही ओळी म्हटल्या. दोन ठिकाणी लोक मागं पडले, तिथं थांबून त्यांना सोबत घेतलं. संपलं तेव्हा घरमालक माझ्याकडे टक लावून पाहत होते.

शेडच्या भिंतीवर टिनाच्या पत्र्यावर सभासदांची नावं नंबरवार रंगवलेली होती. पुढच्या रविवारी मी पाहिलं तर तिथं मी! "१४. मास्तर (भाडेकरू)." मी धावत घरी आलो. म्हटलं, "बाबा, हे काय? मी ख्रिस्ती नाही, मला व्हायचंही नाही." "कोण होवाले सांगून राहिला?" ते शांतपणे म्हणाले. "तुमचा देव तुमच्यापाशी. पन तुमी आमच्या संगं कबूल केलं का नाही? तेही जोऱ्यानं." "अहो, मग शेवटी तरी टाका. मधेच चौदावा नंबर कसा काय?" यावर ते कोंबड्या मोजायला निघून गेले. पास्टरला विचारलं तर तो हेल्मेट घालत म्हणाला, "सर, नियमानं तुम्ही सभासद नाही. पण हे बाबांना तुम्हीच सांगा, मला पुढं दोन गावं आहेत."

दुसऱ्या वर्षी मी हे सगळं विसरलो आणि नेमका त्या रविवारी, आईंना गावाचं नाव सांगून, तिरोड्याकडच्या एका गावी मुलगी पाहायला गेलो. सोबत वडील आणि मामा. आम्ही अंगणात खुर्च्यांवर बसलेलो, हातात पोह्यांच्या ताटल्या, मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन नुकती बाहेर आलेली, आणि दारात हॉर्न वाजला. पिकअप! भाजीपाला नेतात ती. मागून मंडळी उतरायला लागली, एक, दोन, पाच, बारा, म्हातारी काठी टेकत, ढीवर, पास्टर पांढऱ्या झग्यात. घरमालक पुढून उतरले, सगळ्यांना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "मास्तर, ताटली खाली ठेवा. उभे व्हा." मी काय करणार? उभा राहिलो. मुलगीही ट्रे घेऊन उभीच होती. होणाऱ्या सासऱ्यासमोर मी चार ओळी म्हटल्या. सासरे माझ्या वडिलांच्या कानाशी लागले, "ही तुमचीच माणसं ना?" वडील "नाही" म्हणणार, तेवढ्यात मामांनी त्यांना चिमटा काढला आणि म्हणाले, "आमचीच, आमचीच." मग सासऱ्यांनी सगळ्यांना बसवलं, शेजारच्या तीन घरांतून पोहे आणवले. मुलीनं मला एकच प्रश्न विचारला, "हे लोक न बोलावता आले?" मी म्हटलं, "बोलावणार कोण? मी तर यांना विसरूनच आलो होतो." ती हसली, आणि आठ दिवसांनी होकार आला. लग्नानंतर तिनं सांगितलं, "ज्या भाडेकरूला शोधत माणसं नव्वद किलोमीटर येतात, त्याच्यात काहीतरी असेल असं वाटलं." ते काय आहे, ते ती अजून शोधते आहे.

बायको गावात आली आणि मला दीड वर्षात जे कळलं नव्हतं ते तिला पंधरा दिवसांत कळलं. एके संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "चौदा नंबर तुमचा नाही. बाबांच्या मुलीचा आहे." मी म्हटलं, "त्यांना मुलगी कुठं आहे?" तर होती. एस्तेर, एकुलती एक. सौंदडच्या एका गोंड मुलावर तिचा जीव जडला. मुलगा वनखात्यात मजूर, सरळ माणूस, त्याचे देव वेगळे. तिनं बापाला विचारलं, बाप नाही म्हणाला. मग दोघांनी गोंदियाला जाऊन दोन साक्षीदारांसमोर नोंदणी लग्न केलं. घरमालकांनी त्या दिवशी शेडमध्ये जाऊन पत्र्यावरचं तिचं नाव खिळ्यानं खरवडून काढलं. कुणी विचारलं तर म्हणत, "जन्माचा करार केला, आन मंडळीतलं एक माणूस संगं नाही? थे गेली तं गेली." पण त्यानंतरची दोन वर्षं कराराच्या वेळी त्यांचे नुसते ओठ हलायचे, आवाज निघत नसे. मग मी भाताचा गंज घेऊन आलो. प्रतापगडच्या जीपसारखंच झालं होतं हे. मोजणी बरोबर होती, माणूस दुसरा होता.

आई दर आठवड्याला सौंदडच्या बाजाराला जायच्या, त्याचं कारणही तेव्हा कळलं. बाजारात भाजीच्या ओळीमागं उभं राहून लेकीच्या हातात लोणच्याची बरणी द्यायची, तिचं तोंड पाहायचं आणि परत यायचं. एस्तेर घरी येते म्हणत नसे. फक्त बापाच्या गुडघ्यांची चौकशी करायची, "बाबाच्या टोंगऱ्याले तेल लावता का?" आई माझ्या बायकोजवळ म्हणाल्या होत्या, "मराच्या अगोदर दोघाइले एका अंगणात पाहू दे देवा, बस. दुसरं काई मांगत नाही."

मला राग आला. खराखुरा राग आला. अरे, मला शोधत हा माणूस तिरोड्यापर्यंत येतो, आणि पोटची पोरगी वीस किलोमीटरवर बसली आहे! बायको म्हणाली, "रागावून काय होणार? मास्तर आहात ना, डोकं चालवा." तिसऱ्या वर्षी कराराच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं मोटारसायकलवर बसून सौंदडला एस्तेरच्या घरी गेलो. निघताना मी हिरव्या झेंडीला चिठ्ठी टोचून ठेवली. "सौंदडला एस्तेरच्या अंगणात आहे. येत नाही. चौदा नंबर." एस्तेर आम्हांला पाहून घाबरलीच. "सर, तुमी माह्या बापाले ओळखत नाही. थो नाही येत." मी म्हटलं, "येईल. माझ्यासाठी येईल." आणि बोलून गेल्यावर तिच्या तोंडाकडे पाहिलं, तेव्हा वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

अकरा वाजता पिकअप आली आणि रस्त्याच्या पलीकडे थांबली. एकेक करून सगळे उतरले, आई तर धावतच अंगणात आल्या. घरमालक उतरले नाहीत. ड्रायव्हरच्या शेजारी काच वर करून बसून राहिले. पास्टर रस्ता ओलांडून आला. "बाबा म्हणतात, मास्तरला पाठवा." मी म्हटलं, "सांगा, येत नाही." तो गेला, परत आला. "बाबा म्हणतात, नियम आहे." "नियम मलाही माहीत आहे. जो येत नाही त्याच्याकडे जायचं." असा तो बिचारा झगा उचलून चार वेळा रस्ता ओलांडून गेला आणि आला. शेवटी रस्त्याच्या मधोमध उभा राहून कोणाकडेच न पाहता ओरडला, "मला अजून दोन गावं आहेत हो!" मग एस्तेरचा नवरा गेला. काचेवर टकटक करून म्हणाला, "मामाजी, उतरा ना. गाडीत काऊन बसून राहिले? चाय थंडी होऊन राहिली." काच हलली नाही.

आई लेकीचा हात धरून अंगणात उभ्या होत्या. जन्मात कधी कुणाला मोजलं नव्हतं त्या बाईनं. त्यांनी आमच्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "एक कमी हाये."

म्हातारीनं काठी उचलली आणि ती रस्त्याकडे निघाली. तिच्यामागं ढीवर, त्याच्यामागं बाकीचे, पास्टर, मी, माझी बायको. सगळी मंडळी रस्ता ओलांडायला लागली. एका बाजूनं धानाचा ट्रक आला, दुसऱ्या बाजूनं एसटी. पिकअपच्या ड्रायव्हरनं समोर पडलेली लाल झेंडी खिडकीतून बाहेर काढली आणि दोन्हीकडची वाहनं थांबवली. एसटीतले लोक खिडक्यांतून डोकी काढून विचारत होते, "कोण गेलं? कोण गेलं?" आम्ही पिकअपभोवती गोळा झालो. पास्टरनं सुरुवात केली. देवा, तू आम्हांला धरलंस. घरमालक काचेआड समोर पाहत बसले होते, मागं काय राहिलं याचा पत्ता नसलेल्या इंजिन ड्रायव्हरसारखे. कोणी थकला तर थांबू. कोणी दुखावला तर वाकू. चौथी ओळ आली आणि "कोणी सुटला तर" इथं सगळ्यांचे आवाज आपोआप पडले. पुढचा शब्द कुणाच्या तोंडून निघेना. तेव्हा आमच्या मागून, हातात चहाचा कप घेऊन रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिलेली एस्तेर म्हणाली, "शोधू." लहानपणापासून पाठ होता तिला.

काच खाली यायला लागली आणि अर्ध्यावर अडकली. दोघांनी बाहेरून दाबली, ड्रायव्हरनं आतून, तेव्हा कुठं उघडली. घरमालक तिच्याकडे पाहीनात. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, चौदा नंबर कोणाचा?" मी म्हटलं, "हिचा. मी भाडेकरू माणूस. आज खोली खाली करतो." एसटीवाला हॉर्न वाजवत होता. "खाली कायले करता?" शेवटी घरमालक म्हणाले. "तुमी तेवीस." मग मान वळवली आणि लेकीला विचारलं, "चाय थंडी झाली का व?" ती म्हणाली, "झाली. दुसरी मांडतो. पन आंगनात येऊन प्या लागन." ते उतरले. माफी मागितली नाही, ती त्यांना येत नाही. अंगणात खाटेवर बसले आणि बोट दाखवत माणसं मोजायला लागले, आणि चार वेळा मोजणी चुकली. पाचव्यांदा त्यांनी प्रयत्न सोडून दिला आणि पंचानं तोंड पुसलं. उरलेल्या दोन गावांत त्या वर्षी करार दुपारी चार वाजता वाचला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली तिरोड्याकडे झाली. आता खरं म्हणजे जानेवारीतल्या त्या रविवारी सकाळची पहिली गाडी पकडून मला तिकडं जाता येतं. पण मी जात नाही. मुद्दाम जात नाही. मग दहा-साडेदहाला दारात हॉर्न वाजतो, एस्तेर उतरते, तिचा नवरा उतरतो, "मी मेंबर नाही, नुसता झेंडी धराले येतो" म्हणतो, आणि घरमालक उतरून माझ्यावर खेकसतात, "कायले तरास देता बुढ्या माणसाले?" त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे सुख असतं, त्याला मी त्यांना कशाला मुकवू?

परवा एस्तेरचा फोन आला. दिवाळीनंतर बाबा पडले, तेव्हापासून अंथरुणावर आहेत, उठता येत नाही. "सर, या वर्षी तुमीच या." मी म्हटलं, "येतो. शनिवारीच येतो." तेवढ्यात मागून आवाज आला, "दे इकडं," आणि फोनवर घरमालक. आवाज पार खोल गेलेला. "मास्तर, येऊ नोका. आमी येतो." "बाबा, तुम्हांला उठता येत नाही." "उठाचं कोण म्हनते? खाट पिकअपमंदी मावते. एस्तेरनं मोजून पायली." आणि फोन बंद.

बायकोनं पिशवी भरायला घेतली होती. मी तिला म्हटलं, राहू दे, रविवारी कुठं जायचं नाही. अंगणातली मोटारसायकल मागं लावली, तुळशीजवळच्या कुंड्या हलवल्या. आता रोज सकाळी मी अंगणात उभा राहून ऊन कोणत्या कोपऱ्यात जास्त वेळ राहतं ते पाहतो आहे. खाट तिथं ठेवता येईल.